दोन मापांचा हिशेब

(बुलढाणा येथे तरुण कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



सत्य आणि प्रामाणिकपणा यांच्या थोरवीविषयी कोणाचेही दुमत नाही, आणि हीच या विषयाची खरी अडचण आहे. शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहिलेला असतो. कचेरीत साहेबांच्या खुर्चीमागे राजमुद्रा झळकत असते. दुकानात गल्ल्याजवळच्या तसबिरीपुढे सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लागते. तरीही त्याच शाळेत परीक्षेच्या दिवशी खिडकीतून चिठ्ठ्या आत जातात, त्याच कचेरीत टेबलाखालून नोटा सरकतात आणि त्याच दुकानात तराजूची दांडी मारली जाते. ही माणसे सत्याची वैरी आहेत म्हणून हे घडते, असे म्हणवत नाही. यांतील बहुतेक जण घरी पोर खोटे बोलले तर त्याचा कान पिळणारेच असतात.

याचा उलगडा एकच आहे. रोजच्या व्यवहारातले असत्य जिभेवर क्वचित सापडते; ते मापात सापडते. घेताना एक माप आणि देताना दुसरे, स्वतःसाठी एक आणि दुसऱ्यासाठी दुसरे, अशी दोन मापे ज्याच्या घरी आहेत, त्याने उभ्या आयुष्यात एकही खोटा शब्द उच्चारला नसला तरी तो खोट्यावरच जगतो. ही गोष्ट पोथीतून शिकण्याचे कारण नाही. बुलढाणा जिल्ह्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास तीच सांगतो.

प्रारंभ बाजारापासून करणे योग्य होईल. १८७० साली जलंब ते खामगाव हा लोहमार्ग सुरू झाला. त्या प्रसंगी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावास आला होता. एवढ्या लहानशा फाट्यासाठी देशाचा सर्वोच्च अधिकारी आला, कारण त्या फाट्यावरून वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तेथून विलायतेच्या गिरण्यांना जायचा होता. खामगावची कापूस-बाजारपेठ त्या काळी देशातील अग्रगण्य पेठांत गणली जाई. त्या पेठेत जगाच्या भावाची बातमी तारेने येत असे. परंतु बैलगाडी जुंपून रात्रभर चालत आलेल्या कुणब्यापर्यंत ती पोहोचत नसे. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत आणि ज्याचा माल, तोच तेवढा त्या भावाविषयी अंधारात असे. पुढे वजनाच्या वेळी तराजूला पासंग, दगडी मापांत खोट, आणि वजन झाल्यावर धर्मादाय, हमाली, तोलाई, नमुना अशा नाना नावांनी कपात. गाडी जिनिंगच्या आवारात खाली झाल्यावर माल हलका असल्याचे सांगून ठरलेला भाव पुन्हा पाडला जाई. भरलेली गाडी परत नेण्याचे त्राण ना बैलांत उरलेले असे, ना धन्यात.

यात कोणी कोणाशी खोटे बोलले काय? रुमालाखालची बोटे काहीच बोलत नाहीत. पासंग तर जन्माचा मुका. परंतु त्या मुकेपणातच शेतकऱ्याची लूट होत होती.

या लुटीला पहिला बांध घातला गेला तो याच वऱ्हाडात. १८८६ साली कारंज्याची कापूसपेठ नियमाखाली आली आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. दलाल आणि मापाऱ्यांना परवाने घ्यावे लागू लागले, वजनमापांची तपासणी सुरू झाली, मनास येईल तशा कपातीला मनाई झाली. देशातील आजच्या सर्व कृषी उत्पन्न बाजार समित्यांचे मूळ या कायद्यात आहे. १८९७ साली वऱ्हाडच्या व्यापाऱ्यांचे एकाएकी हृदयपरिवर्तन झाले नव्हते. माप सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेवले गेले, एवढाच फरक पडला. प्रामाणिकपणा हा व्यक्तीचा सद्गुण खरा. पण उघड्यावरचा काटा आणि पुकारून बोललेला भाव यांच्या आधाराने तो सामान्य माणसालाही परवडतो. बंद दाराआड मात्र तो साधुसंतांनाच जमतो, आणि साधुसंत बाजारात थोडेच भेटतात.

त्या कायद्यातही एक मोठे न्यून होते. बाजाराच्या समितीत व्यापाऱ्यांचे आणि नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थांचे प्रतिनिधी बसत. कापूस पिकवणाऱ्याला तेथे जागा नव्हती. ज्याचा माल तोलला जाणार त्यालाच काट्याजवळ उभे राहण्याचा अधिकार नसेल, तर तो काटा अर्धाच खरा मानला पाहिजे. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याने समित्यांत शेतकऱ्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना बहुमत दिले. त्यानंतर त्या समित्या कोणाच्या हाती गेल्या आणि त्यांच्या निवडणुकांत काय काय वाटले जाते, हे या जिल्ह्यात कोणाला सांगण्याची गरज नाही. काट्यावर पहारा ठेवण्याचे काम कायदा झाला म्हणून संपत नाही.

येथे एक कटू गोष्टही बोलून टाकली पाहिजे. लुबाडलेला माणूस लुबाडला गेल्यामुळेच सत्यवान ठरत नाही. कापसावर पाणी मारणे, बोजाच्या तळाशी सरकी किंवा खडे घालणे, वेचणीचा कवडी कापूस चांगल्यात मिसळणे, हे प्रकारही वऱ्हाडच्या शेतांतलेच आहेत. व्यापारी मारतोच आहे, मग आपण थोडे मारले तर काय बिघडले, असा त्यामागचा हिशेब असतो. तो हिशेब अखेर अंगलट येतो. आज सरकारी खरेदीकेंद्रावर ओलाव्याचे यंत्र कापसात खुपसले जाते आणि बारा टक्क्यांपेक्षा जास्त ओल निघाली की माल नाकारला जातो. तेव्हा पाणी मारणाऱ्याबरोबर अवकाळी पावसात भिजलेला निरपराधही परत पाठवला जातो. एकाच्या लबाडीचा दंड असा साऱ्या गावाला भरावा लागतो. खामगावच्या चांदीची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. त्या गावाला रजतनगरी म्हणतात ते चांदीच्या शुद्धतेच्या लौकिकामुळे. पिढ्यान्‌पिढ्या टिकवलेल्या त्या विश्वासाने कारागिरांच्या चुली पेटत्या ठेवल्या आहेत. एकच गाव, एकच हवापाणी. जेथे माप एक राहिले तेथे लौकिक झाला आणि जेथे मापे दोन झाली तेथे यंत्र आले.

आता बाजारातून घरात यावे, कारण दोन मापांचे सर्वांत जुने दुकान घरातच मांडलेले असते. हे ज्या बाईने सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्टपणे सांगितले, ती याच बुलढाण्याची. ताराबाई शिंदे यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे येथील उपायुक्तांच्या कचेरीत मुख्य कारकून होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर स्वतःच्या नवजात अर्भकाच्या हत्येचा खटला चालला. तिला फाशीची शिक्षा झाली आणि अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. त्यावर वृत्तपत्रांतून स्त्रीजातीच्या भ्रष्टतेवर ताशेरे झडू लागले. त्या विधवेला पुनर्विवाहाची बंदी कोणी केली आणि त्या मुलाचा बाप कोठे आहे, हे मात्र कोणी विचारीना. ताराबाईंनी ते विचारले. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक छापून निघाले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

पुस्तकाचे नावच तराजूचे आहे. ज्या दोषांसाठी स्त्रीला नावे ठेवली जातात तेच दोष पुरुषाच्या पारड्यात घालून ताराबाईंनी तोलून दाखवले. बायको मेली तर महिन्याच्या आत बोहल्यावर चढणारा पुरुष आणि नवरा मेला म्हणून जन्मभर कोंडलेली स्त्री, यांना जो समाज एकाच धर्माच्या नावाने दोन मापे लावतो, तो समाज खोटा आहे, हा त्या पुस्तकाचा रोख. पुस्तकावर एवढी टीका झाली की ताराबाईंचे दुसरे पुस्तक आलेच नाही. महात्मा फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घेतली, त्यांच्या टीकाकारांत फुल्यांचे स्वतःचे सहकारीही होते. सत्यशोधक म्हणवणाऱ्यांनाही स्वतःच्या घरातले सत्य सोसले नाही, हे या प्रकरणातले मोठे शिक्षण आहे. पुढे ते पुस्तक जवळजवळ विसरले गेले. १९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशित केले, तेव्हा महाराष्ट्राला बुलढाण्याच्या या लेकीची ओळख नव्याने झाली.

बाजार आणि घर यांच्यानंतर कचेरी. तेथले माप कागदाचे असते. २००६ च्या जुलै महिन्यात तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि शेतकरी-आत्महत्यांनी हादरलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर झाली. त्या सहांत बुलढाणा होता. राज्य शासनाने मृताच्या कुटुंबाला एक लाख रुपये देण्याचे ठरवले होते. परंतु त्यासाठी निकष लावले. जमीन कुटुंबातील कोणाच्या तरी नावावर हवी. कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. ते थकलेले हवे आणि त्याच्या वसुलीचा तगादाही हवा. या चाळणीतून एक प्रकरण ‘पात्र’ ठरते आणि दुसरे ‘अपात्र’.

सरकारी पैशाला नियम असू नयेत, असे कोणी म्हणणार नाही. परंतु परवाना नसलेला सावकार पावती देत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ज्याला बँकेने दारात उभे केले नाही तोच त्या सावकाराकडे जातो, आणि मेल्यावर त्याच्याच कर्जाचा कागद मागितला जातो. दुसऱ्याची जमीन मक्त्याने करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. नांगरटीखेरीज शेतीचे सारे काम करणारी बाई तर बहुधा कोणत्याच उताऱ्यावर नसते. ती राबते शेतकऱ्यासारखी आणि नोंदली जाते शेतकऱ्याची बायको म्हणून. अशा वेळी फायलीतला प्रत्येक कागद खरा असतो, प्रत्येक सहीशिक्का खरा असतो आणि त्या साऱ्यांची बेरीज खोटी निघते. तलाठ्याने लाच घेतली नाही, तहसीलदाराने नियम मोडला नाही, तरी विधवेच्या हाती पडलेल्या ‘अपात्र’ या शब्दात असत्य आहेच. कारण जमीनदाराच्या मापाने बेजमिनीचे मरण मोजले गेले आहे.

यावर उपाय नाही असे नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची कामे काढली आणि १९७७ साली त्यांचा कायदा केला. त्या कामांवर बाईला आणि पुरुषाला मजुरीचा दर एकच होता. शेतावर बाईची मजुरी पुरुषाच्या निम्म्याने असण्याच्या काळात खडी फोडणाऱ्या बाईला सरकारी कागदाने प्रथमच एक माप लावले. त्याच हजेरीपटांवर पुढे मेलेल्या माणसांची आणि गावात नसलेल्यांची नावे चढली, हेही तितकेच खरे. आणि ती खोटी नावे उघडकीस आली ती हजेरीपट गावात मोठ्याने वाचला गेला तेव्हा. राजस्थानातल्या मजुरांनी १९९४ पासून जनसुनावण्या घेऊन तेच केले. महाराष्ट्राचा २००२ चा आणि केंद्राचा २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा अशा वाचनांतून उगवला आहे. रुमाल बाजूला सारण्याचेच हे काम आहे.

शेवटचा प्रश्न कार्यकर्त्याचा. सत्यशोधक परंपरेने या जिल्ह्याला ताराबाई दिल्या आणि महात्मा फुल्यांचे चरित्र १९२७ साली लिहिणारे चिखलीचे पंढरीनाथ पाटील दिले. त्या वारशावर हक्क सांगणाऱ्याने आधी स्वतःच्या घरातला काटा तपासावा. मोर्चात समतेच्या घोषणा आणि मुलाच्या लग्नात हुंडा. सभेत जातिनिर्मूलन आणि सोयरिकीच्या वेळी पोटजातीची चौकशी. सरकारकडे हिशेबाची मागणी आणि स्वतः गोळा केलेल्या वर्गणीची पावती नाही. जमीन-सुधारणांवर ठराव आणि स्वतःच्या सातबाऱ्यावर पत्नीचे नाव नाही, अशी दोन मापे ज्या चळवळीत असतील तिच्यावर गावाने का विश्वास ठेवावा? गाव अडाणी असेल. तराजूची दांडी कोणीकडे झुकली ते त्याला बरोबर दिसते.

करण्याच्या गोष्टी लहान आहेत. वर्गणीची पावती फाडावी आणि हिशेब चावडीवर लावावा. ग्रामसभेत लाभार्थ्यांची यादी मोठ्याने वाचायला लावावी. बाजार समितीत गाडी तोलली जात असताना शेतकऱ्याच्या बाजूने एकाने उभे राहावे. ‘अपात्र’ ठरलेल्या घरी जाऊन त्या शब्दामागची फाईल मागावी. सातबाऱ्यावर घरच्या लक्ष्मीचे नाव लावावे आणि मग दुसऱ्याला ते सांगावे. यांतल्या एकाही गोष्टीला हौतात्म्य लागत नाही.

वऱ्हाडचा जुना शेतकरी धान्य मोजायला बसला म्हणजे आधी रिकामा तराजू उचलून पाही. दोन्ही पारडी सारखी आहेत असे दिसल्यावरच तो माल घाली. सत्याविषयी बोलण्यापूर्वी प्रत्येकाने एवढेच करावे: आपला तराजू रिकामा असताना कोणीकडे झुकतो, ते पाहून घ्यावे.