स्वस्त औषधाचा धडा

२०१९च्या अखेरीस प्रकटलेला करोना विषाणू आपल्या काटेरी प्रथिनांनी मानवी पेशीला चिकटतो, आत शिरतो आणि तेथेच वाढतो. मात्र गंभीर रुग्णाची फुप्फुसे पुष्कळदा शरीराच्याच अनावर प्रतिकाराने सुजतात. ही सूज डेक्सामेथासोन आवरते. २०२० साली ब्रिटनमध्ये सार्वजनिक पैशातून झालेल्या चाचणीत या जुन्या, पेटंटमुक्त औषधाने कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवले. विषाणूची वाढच रोखणाऱ्या नव्या औषधांभोवती मात्र पेटंटचे कुंपण पडले. भारत व दक्षिण आफ्रिकेने २०२० साली लसी आणि औषधे या दोहोंसाठी मागितलेली सवलत जागतिक व्यापार संघटनेने २०२२मध्ये केवळ लसींपुरती दिली. संशोधनाला पैसा जनतेचा लागत असेल, तर त्याचे फळही जनतेचेच असले पाहिजे.