शेवटचा शब्द
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



वर्गात उभं राहायची वेळ माझ्यावर गृहपाठ नसला की यायची. आज तुम्ही माइक हातात दिलाय, तर माझ्या धंद्यातलंच बोलतो. मानपाड्याला, घोडबंदर रोडच्या आतल्या गल्लीत माझं गॅरेज आहे. मी गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. तुमच्यातले निम्मे जण फोन करतात ते एकाच कारणासाठी, "अरे, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागलाय, काय करू?"

आपण शाळेत होतो तेव्हा मिस्त्री आवाज ऐकून दोष सांगायचा. २०१० नंतर आपल्याकडे गाडीने स्वतःचे दोष नोंदवून ठेवायची यंत्रणा टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्याला स्कॅनर लावला की कोड दिसतो. समजा, पी ०३३५. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरची बाजू, शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सामाईक कोड, पुढचा तीन इग्निशनचा आणि शेवटचे दोन आकडे नेमक्या तक्रारीचे. ही तक्रार असते क्रँक सेन्सरच्या बाजूची. इंजिन कुठे आणि किती वेगात फिरतंय हे तो सेन्सर कळवतो.

याच कोडने मला धडा शिकवला. काही वर्षांपूर्वी, पावसाळ्यात एक काका आले. भाड्याची गाडी चालवायचे. गाडी तापली की मध्येच बंद पडायची. स्कॅनर लावला, पी ०३३५ आला. सेन्सर बदलला, कोड पुसला, दिवा गेला. साडेतीन हजार घेतले आणि मी खूश.

आठव्या दिवशी रात्री त्यांचा फोन आला. गायमुखच्या चढावर गाडी बंद, मागे कंटेनरची रांग, आणि गाडीत एक बाळंतीण तान्ह्या बाळाला घेऊन. मी पोचेपर्यंत लोकांनी गाडी कडेला ढकलली होती. कुणाला काही झालं नाही. काका ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू तपासली होतीस ना रे?"

सकाळी स्कॅनरवरची ओळ पुन्हा वाचली. तिच्यात 'सेन्सर'च्या पुढे आणखी एक शब्द होता, 'सर्किट'. तो मी वाचलाच नव्हता.

सर, तेव्हा तुम्ही आठवलात. प्रयोगशाळेत तुम्ही एक सेल, एक बल्ब आणि दोन वायरी दिल्या होत्या. बल्ब पेटेना. आम्ही सगळे ओरडलो, "सर, बल्ब गेलाय!" तुम्ही वायर बदललीत आणि बल्ब पेटला. म्हणालात, आधी मोजा, मग बोला.

मग मल्टिमीटर काढला. त्या सेन्सरला तीन वायरी होत्या. एक पाच व्होल्टची, एक अर्थची, एक सिग्नलची. गाडी उभी असताना पाच व्होल्ट बरोबर येत होते. इंजिन तापवलं, वायरींचा जुडगा हाताने हलवला, तर आकडा एकदम दोनवर. टेप सोलली. आत तांबं हिरवं पडलेलं, दोन-चार तारांवर सगळं लटकलेलं. तेवढा तुकडा कापून नवीन वायर सोल्डर केली, वरून स्लीव्ह चढवली. खर्च शंभर रुपयेसुद्धा नाही. काकांचे साडेतीन हजार परत केले. ते घेत नव्हते, मी खिशात कोंबले.

तेव्हापासून गॅरेजमधल्या पोरांना सांगतो, कोड म्हणजे रुग्णाने सांगितलेलं दुखणं, निदान नव्हे. पोट दुखतंय म्हटल्यावर कुणी पोट बदलत नाही. आधी बॅटरी बघा, इंजिन चालू असताना साधारण चौदा व्होल्ट हवेत. मग फ्यूज, अर्थ, कनेक्टर, वायर. पार्ट सगळ्यात शेवटी. आणि दोष सापडण्याआधी कोड पुसू नका, त्यात गाडीनेच ठेवलेल्या नोंदीही पुसल्या जातात.

तुम्हालाही तेच सांगतो. मिस्त्री म्हणाला "सेन्सर गेलाय", तर विचारा, "मोजलंत का?" मला राग येणार नाही.

सर, विज्ञानात मला पस्तीसच मार्क होते. पण तो बल्ब अजून उपयोगी पडतोय.