जागतिक बाजारपेठ आणि तंत्रउद्योगांची सिद्धता
(फोपनार, जि. बऱ्हाणपूर येथील भाषण)



जागतिक बाजारपेठ म्हटली की तो मुंबई-दिल्लीच्या मंडळींचा विषय आहे, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु बऱ्हाणपूर परिसराला हा विषय मुळीच नवा नाही. सतराव्या शतकात तावर्निए हा फ्रेंच व्यापारी बऱ्हाणपुरास येऊन गेला. येथील तलम सुती कापड इराण, तुर्कस्तान, रशिया आणि पोलंडपर्यंत जाते, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. त्या काळी जाहिरात नव्हती, तारायंत्र नव्हते. परक्या देशातला गिऱ्हाईक माल हातात घेऊन पाही आणि पुन्हा तोच माल मागे. बाजाराची ही कसोटी आजही बदललेली नाही.

आज या जिल्ह्याचे नाव केळीमुळे सर्वत्र पोहोचले आहे. केळीच्या मुळाशी जाणारे ठिबकचे पाणी, प्रयोगशाळेत वाढविलेली ऊतिसंवर्धित रोपे, विद्राव्य खते ही सर्व तंत्रज्ञानाची फळे होत. ती पुरविणाऱ्या कंपन्यांवर शेतकऱ्याचे अकरा-बारा महिन्यांचे कष्ट आणि सोसायटीचे कर्ज अवलंबून असते. म्हणून अशी कंपनी जगाच्या स्पर्धेत टिकण्यास सिद्ध आहे किंवा नाही, हा प्रश्न जितका भागधारकाचा, तितकाच बांधावरच्या शेतकऱ्याचाही आहे.

सिद्धता कशावरून ओळखावी? एकदा माल परदेशी गेला म्हणजे कंपनी सिद्ध झाली, असे म्हणता येत नाही. या दृष्टीने शेजारचीच दोन उदाहरणे विचारात घेण्याजोगी आहेत.

पहिले उदाहरण नेपानगरचे. वृत्तपत्राचा कागद देशातच तयार व्हावा या हेतूने उभारलेला हा कारखाना पंडित नेहरूंच्या हस्ते २६ एप्रिल १९५६ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आला. सलई आणि बांबू यांपासून कागद बनविण्याचे तंत्र येथे सिद्ध झाले, ही लहान गोष्ट नव्हे. १९८१ पर्यंत वृत्तपत्राचा कागद बनविणारा देशातील हा एकमेव कारखाना होता. परंतु एकमेव असण्यातच धोका लपलेला होता. तुलनेला दुसरा कोणी नसला म्हणजे आपली यंत्रे केव्हा जुनी झाली, हे ध्यानात येत नाही. नव्वदच्या दशकात कागदाची आयात खुली झाली, तेव्हा परदेशी कागदापुढे टिकाव धरणे या कारखान्यास कठीण गेले. पुढे २०१६ मध्ये नूतनीकरणासाठी उत्पादन थांबवावे लागले आणि ते ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात कामगारांच्या कुटुंबांनी आणि गावच्या बाजारपेठेने काय सोसले असेल, ते या भागात वेगळे सांगावयास नको.

दुसरे उदाहरण जळगावच्या जैन उद्योगसमूहाचे. भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेलच्या किरकोळ विक्रीपासून प्रारंभ केला. १९७८ मध्ये केळीचे पीठ बनविणारा एक जुना कारखाना घेऊन तेथे पपईच्या चिकापासून पपेन तयार करण्यात येऊ लागले आणि ते परदेशी रवाना झाले. अशा पदार्थाची परीक्षा प्रयोगशाळेत होते. प्रत्येक खेपेची शुद्धता सारखी भरली, तरच पुढची मागणी येते. नंतर नळ निर्मिती आणि १९८९ च्या सुमारास ठिबक सिंचन यांत हा समूह उतरला. ठिबकचे तंत्र इस्रायलमध्ये साठच्या दशकापासून कारखान्यात तयार होत होते. ते खानदेशाच्या मातीत, लहान धारणक्षेत्रावर आणि वारंवार जाणाऱ्या विजेवर चालले पाहिजे, हे खरे काम होते. शेतावर माणसे पाठवून, प्रात्यक्षिके दाखवून ते पार पाडण्यात आले. पुढे याच कंपनीने २००६ मध्ये अमेरिकेतील आणि २००७ पासून इस्रायलमधील ठिबक कंपन्या आपल्याकडे घेतल्या. शिकणारा शिकविणाऱ्याच्या पंक्तीस बसला, असेच म्हणावे लागेल.

तथापि उत्तम तंत्रज्ञान म्हणजे संपूर्ण सिद्धता नव्हे. नव्वदच्या दशकात वित्तव्यवसायासारख्या अनोळखी क्षेत्रांत शिरल्याने या समूहास फटका बसला होता आणि भवरलालजींनी ती चूक जाहीरपणे मान्य केली होती. पुढे कर्जाचा बोजा वाढला. शासकीय प्रकल्पांची आणि अनुदानाची येणी वेळेवर हाती पडेनात. २०१९ मध्ये कंपनीला कर्जाचे हप्ते भरता आले नाहीत. अखेर मार्च २०२३ मध्ये तिचा परदेशातील सिंचन व्यवसाय रिव्हुलिस या कंपनीत विलीन झाला. माल चांगला होता, मागणीही होती. अपुरा पडला तो हाती खेळणारा पैसा.

या दोन्ही उदाहरणांवरून चार प्रश्न निघतात. कोणत्याही तंत्रउद्योगास ते विचारता येतील. पहिला, शंभरावी खेप पहिल्या खेपेसारखीच असते काय? दुसरा, तंत्र उसने आणले असले, तरी ते सुधारण्याचे ज्ञान कंपनीच्या स्वतःच्या माणसांत आहे काय? तिसरा, आयातबंदीचे वा अनुदानाचे छत्र निघाले तर ती उभी राहील काय? आणि चौथा, येणे थकले तरी देणे भागविण्याइतकी पुंजी तिच्याजवळ आहे काय? पहिल्या तीन प्रश्नांचे उत्तर होकारार्थी आणि चौथ्याचे नकारार्थी आले, तरी सिद्धता अपुरीच समजली पाहिजे.

यात गावाचाही वाटा आहे. ठिबकची नळी घेताना केवळ स्वस्ताई न पाहता मानक संस्थेची मुद्रा पाहावी. ओळीतील पहिल्या आणि शेवटच्या झाडाला सारखे पाणी मिळते की नाही, हे एका भांड्याने आणि घड्याळाने कोणासही मोजता येते. शिक्षकांनी हे मापन विद्यार्थ्यांकडून शिवारात करून घेतले, तर गणित आणि विज्ञान हे दोन्ही विषय एकाच वेळी शिकविले जातील. अधिकाऱ्यांनी अनुदानाचे प्रकरण टेबलावर पडून राहू देऊ नये. त्या फाइलीत एका शेतकऱ्याचा हंगाम आणि एका कारखान्याचा पगार अडकलेला असतो.

भारत हा जगातील सर्वांत मोठा केळी उत्पादक देश आहे. तरीही जगाच्या केळी निर्यातीत त्याचा वाटा अत्यल्प आहे. पिकविण्याचे सामर्थ्य आणि विकण्याची सिद्धता यांतील हे अंतर आहे. चोखंदळ गिऱ्हाईक घरीच असला, तर कारखान्याला परदेशातल्या परीक्षेचे भय उरत नाही. बऱ्हाणपूरच्या विणकरांनी हे तीनशे वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. त्याच मातीतील शेतकऱ्याने आपल्या बांधावर मापाचे भांडे घेऊन उभे राहावे, म्हणजे या सिद्धतेस प्रारंभ होईल.