१६ एप्रिल : एका दिवसाचे ऊन
(पनवेल तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



दिनदर्शिकेत १६ एप्रिल या तारखेस काही विशेष स्थान नाही. वार्षिक परीक्षांची घाई असते, सकाळची शाळा चालू असते, आणि अंगणात आंबा असेल तर मुलांचे लक्ष फळ्यापेक्षा फांदीकडे अधिक असते. परंतु पनवेल तालुक्याच्या इतिहासात ही तारीख २०२३ साली एका दुःखद घटनेने नोंदली गेली. त्या दिवशी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा वितरण समारंभ उघड्या मैदानावर झाला. लाखोंचा समुदाय सकाळपासून उन्हात बसला होता. दुपारी एकच्या सुमारास समारंभ आटोपला. उष्माघाताने चौदा जण प्राणास मुकले. नजीकच्या हवामान केंद्रात त्या दिवशीचे कमाल तापमान मात्र सुमारे ३८ अंश सेल्सिअस इतकेच नोंदले गेले होते.

चंद्रपूर-नागपूरकडील माणसास हा आकडा वाचून नवल वाटेल. तिकडे एप्रिलात चाळिशी ओलांडणे ही नित्याची गोष्ट. मुंबई परिसरातही याहून मोठे आकडे नोंदलेले आहेत. सांताक्रूझ येथे १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश आणि २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश तापमान झाले होते. रायगड जिल्ह्यातीलच भिरा येथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंशांची नोंद झाली आणि तिची देशभर चर्चा झाली. तेव्हा ३८ हा काही उच्चांक नव्हे. मग माणसे का दगावली? वर्गात पाठ करून घेण्याच्या आकड्यांपेक्षा हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

पहिली गोष्ट अशी की, हवामान केंद्रातील तापमान हे सावलीतील हवेचे तापमान असते. तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवतात. पेटीत वारा खेळतो, पण ऊन शिरत नाही. मैदानात बसलेल्या माणसाच्या डोक्यावर सरळ ऊन असते आणि खालून तापलेली जमीन धग देते. त्याला सोसावा लागणारा ताप पेटीतील आकड्याहून पुष्कळ अधिक असतो.

दुसरी गोष्ट कोकणातील दमट हवेची. घाम सुकतो तेव्हा तो शरीराची उष्णता घेऊन जातो. हवेत बाष्प भरलेले असेल तर घाम गळतो, पण सुकत नाही, आणि शरीर निवण्याचा मार्गच खुंटतो. म्हणूनच भारतीय हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचे निकष निरनिराळे ठरविले आहेत. मैदानी प्रदेशात किमान ४० अंशांची अट आहे. किनाऱ्यावर मात्र ३७ अंश झाले आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वा अधिक चढे असले, की लाट मानतात. किनाऱ्यावरचे उच्चांक मे महिन्याऐवजी मार्च-एप्रिलात का पडतात, हेही मुलांना विचारून पाहावे. त्या दिवसांत जमिनीवरून येणारा पूर्वेचा कोरडा वारा कधीकधी जोर धरतो, समुद्राकडचा गार वारा उशिरा पोहोचतो, आणि तेवढ्या अवधीत पारा झपाट्याने चढतो.

तिसरी गोष्ट सूर्याची, आणि येथे शिक्षकाच्या हाती स्वतःचे साधन आहे. पनवेल सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. १६ एप्रिल रोजी सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १० अंशांवर असतो. म्हणजे माध्यान्ही तो डोक्यावरून अवघा ९ अंश दक्षिणेस ढळलेला दिसतो. त्या वेळी एक मीटर उंचीच्या काठीची सावली जेमतेम १६ सेंटिमीटर पडते. दिवस सुमारे १२ तास ३५ मिनिटांचा असतो. सूर्योदय ६ वाजून २० मिनिटांच्या आणि सूर्यास्त ६ वाजून ५५ मिनिटांच्या आसपास होतो. २१ जूनचा दिवस याहून सुमारे ४० मिनिटांनी मोठा खरा, पण तोवर बहुधा पावसाळी ढग आलेले असतात. एप्रिलचे ऊन निरभ्र आकाशातून येते.

माध्यान्ह किती वाजता होते, असे विचारल्यास बहुतेक जण बारा म्हणतील. पनवेलीस १६ एप्रिल रोजी ते १२ वाजून ३७ मिनिटांच्या सुमारास होते, कारण आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे आणि पनवेल त्रेसष्टाव्या नव्हे, त्र्याहत्तराव्या अंशावर आहे. मुंबईत १९५५ पर्यंत चालत असलेली जुनी ‘मुंबई वेळ’ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. त्या घड्याळात या दिवशी सूर्य माथ्यावर येई तेव्हा जवळजवळ बाराच वाजलेले असत. जुन्या माणसांचे ‘बाराचे ऊन’ अक्षरशः खरे होते. आजच्या घड्याळाने मात्र, साडेबारा वाजले म्हणजे ऊन उतरणीस लागले असे समजून मुलांना मैदानात सोडणारा शिक्षक त्यांना नेमक्या माथ्यावरच्या उन्हात धाडतो. हवेचा ताप तर त्यानंतरही काही काळ चढतच राहतो.

घड्याळापेक्षा सावली बरी. १६ एप्रिलच्या सुमारास सकाळी ९ वाजून ३५ मिनिटांपासून दुपारी ३ वाजून ४० मिनिटांपर्यंत काठीची सावली काठीहून आखूड असते. आपली सावली आपल्याहून आखूड झाली की कवायत, खेळ, प्रभातफेरी बंद, ही खूण पहिलीतल्या मुलासही कळते. एखाद्या मुलास भोवळ आली, उलटी झाली, अंग तापले किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर त्यास ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंग ओल्या फडक्याने पुसून वारा घालावा. शुद्धीवर असल्यासच पाणी घोटघोट पाजावे. बोलणे असंबद्ध झाले असेल वा शुद्ध हरपली असेल, तर दवाखान्यात नेण्यास क्षणाचाही विलंब करू नये.

नोंदी ठेवण्याच्या कामी या जिल्ह्याची परंपरा लहान नाही. अलिबागनजीकच्या नागाव येथे १८२५ साली जन्मलेले केरूनाना छत्रे तरुणपणीच मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत काम करू लागले. पुढे पुण्यास ते गणिताचे नामांकित अध्यापक झाले. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून वेधशाळेचे चुंबकीय कार्य १९०४ साली अलिबागेस हलविण्यात आले, ते तेथे आजही चालू आहे.

शाळेच्या नोंदवहीस मोठा खर्च नाही. एक मीटरची सरळ काठी, ओळंबा, आणि व्हरांड्यात भिंतीपासून दूर, सावलीत टांगलेला साधा तापमापक पुरे. एप्रिलात रोज सकाळची शाळा सुटण्यापूर्वी एका ठरावीक वेळी तापमान, सावलीची लांबी आणि वाऱ्याची दिशा मुलांनीच लिहावी. १६ एप्रिलचे पान दर वर्षी मागील वर्षांच्या पानांशेजारी ठेवून पाहावे. सावली दर वर्षी तीच येईल, तापमान येणार नाही. असे का, हे मुले आपण होऊन विचारतील. ढगाळ दिवशी सावली पडत नाही. त्या दिवशी रकाना कोरा न सोडता ‘ढगाळ’ असे लिहावे आणि मागाहून अंदाजाने आकडा भरू नये.