ओझोनचा थर आणि शीतयंत्रातला वायू



‘ओझोनच्या थराला भोक पडले, म्हणून ऊन वाढले.’ इंदिरानगरात एप्रिलच्या दुपारी हे वाक्य सहज कानी पडते. मुलांच्या उत्तरपत्रिकांतही ते हमखास असते. वाक्य सुटसुटीत आहे, पण चुकीचे आहे. बंगळूर उष्ण कटिबंधात आहे आणि या पट्ट्यात ओझोनची घट अल्पच झाली. ओझोनचे विवर पडते ते दर वसंतात, अंटार्क्टिकावर.

ओझोनचा बहुतेक साठा भूपृष्ठापासून सुमारे 15 ते 35 किलोमीटर उंचीवर असतो. तो सारा जमिनीवरील दाबाखाली गोळा केला, तर जेमतेम 3 मिलिमीटर जाडीचा होईल. एवढ्याशा आवरणाने अतिनील किरणे अडतात. ते विरळ झाले की त्वचेचे कर्करोग आणि मोतीबिंदू बळावतात, पिकांना आणि समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींना इजा पोहोचते.

घात केला तो शीतकपाटांतील क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंनी. ते जळत नाहीत, विषारी नाहीत, लवकर विघटितही होत नाहीत. या गुणांमुळेच ते घरोघरी पोहोचले आणि याच टिकाऊपणामुळे पुढे स्थितांबरापर्यंत चढले. तेथे अतिनील किरणांनी त्यांचे रेणू फुटून क्लोरिन सुटते आणि त्याचा एक अणू ओझोनचे हजारो रेणू नष्ट करतो. हे मोलिना आणि रोलंड यांनी 1974 मध्ये मांडले. 1985 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील मोठी घट प्रसिद्ध केली. तेथील कडाक्याच्या थंडीत तयार होणाऱ्या ढगांच्या कणांवर क्लोरिन विशेष सक्रिय होते.

मग ‘ऊन वाढले’ या समजुतीत तथ्य काहीच नाही काय? आहे, पण वेगळ्या वाटेने. आणि ती वाट बंगळूरवरून गेलेली आहे. वीरभद्रन रामनाथन अकराव्या वर्षी बंगळूरला आले. तोवर तमिळमधून शिकलेल्या या मुलाला वर्गातले इंग्रजी उमगेना. शिक्षकांचे ऐकण्याची सवय सुटली आणि गोष्टी स्वतःच उलगडण्याची लागली, असे ते पुढे सांगत. (मराठी शाळेतून इंग्रजी महाविद्यालयात गेलेल्यांना ही घालमेल सांगावी लागणार नाही.) अभियंता झाल्यावर सिकंदराबादच्या एका शीतयंत्र कारखान्यात त्यांच्याकडे काम आले ते याच वायूंची गळती रोखण्याचे. पुढे येथील भारतीय विज्ञान संस्थेत शिकून ते अमेरिकेस गेले. 1975 मध्ये त्यांनी दाखवून दिले, की या वायूचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजारांहून अधिक रेणूंइतकी उष्णता रोखू शकतो. म्हणजे अपराधी एकच, अपराध मात्र दोन: वर ओझोनचा नाश आणि खाली उष्णतेची कोंडी.

1987 च्या माँट्रियल करारान्वये हे वायू टप्प्याटप्प्याने बंद झाले. भारत 1992 मध्ये करारात आला. थर आता हळूहळू सावरत आहे. जगाने एकदिलाने केलेल्या कामांत असे यश विरळाच. मात्र त्या जागी आलेले हायड्रोफ्लुरोकार्बन वायू ओझोनला धक्का लावत नसले, तरी उष्णता कोंडतातच. कधीकाळी पंख्यावाचूनही निभणाऱ्या इंदिरानगरातील घरांना आता वातानुकूलन यंत्रे लागली आहेत. दुरुस्तीच्या वेळी त्यांतील वायू सिलिंडरमध्ये परत भरून घेता येतो. तसे न करता तो हवेत सोडून देणे सोपे आणि स्वस्त पडते. किगाली दुरुस्तीनुसार भारताला या वायूंचा वापर 2047 पर्यंत 85 टक्क्यांनी घटवायचा आहे. आज पाचवीत बसलेली मुले तेव्हा तिशी ओलांडलेली असतील.