साचा तापविण्याची नवी रीत

भोसरीच्या एखाद्या लहानशा कारखान्यात तांब्याच्या वेटोळ्यात पोलादी दंतचक्र धरले जाते आणि पाहता पाहता ते लालबुंद होते. तेथे भट्टी नाही, ज्वाळाही नाही. वेटोळ्यातील प्रत्यावर्ती वीजप्रवाह पोलादातच प्रवाह निर्माण करतो आणि पोलाद आपल्याच अंगच्या रोधाने तापते. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी शोधलेले हे प्रवर्तनाचे तत्त्व पिंपरी-चिंचवडच्या कामगारांच्या हातात केव्हाच मुरले आहे. घरोघरची इंडक्शन शेगडीही त्यावरच चालते.

हेच तत्त्व आता प्लॅस्टिकच्या साच्यांसाठी वापरले जात आहे. काचेचे किंवा कार्बनचे तंतू प्लॅस्टिकमध्ये गुंफले की हलके पण भक्कम द्रव्य तयार होते. त्यातील प्लॅस्टिक दोन जातींचे असते. उष्मादृढ जात विटेसारखी. एकदा भाजली की पुन्हा मऊ होत नाही. उष्मामृदू जात मेणासारखी. ती पुन्हा वितळते, म्हणून तिचे तुकडे पुन्हा कामी येतात. मात्र त्या खेपेस तंतू आखूड होतात, बळ थोडे घटते.

अडचण आहे ती साच्याची. नायलॉन-६ सुमारे २२० अंश सेल्सिअसला वितळते. ते तंतूंत नीट भिनावे म्हणून साचा तप्त हवा. वस्तू बाहेर काढताना मात्र तो निवालेला हवा. पोलादाचा अवजड ठोकळा प्रत्येक वस्तूमागे तापवायचा आणि निववायचा, म्हणजे वेळ व वीज वस्तूवर नव्हे, ठोकळ्यावरच खर्च होते. उच्च वारंवारतेचा प्रवाह पृष्ठभागाजवळच राहतो. त्यामुळे प्रवर्तनाने साच्याचा पातळ थर तेवढा तापतो आणि त्यामागील नळ्यांतले पाणी तो झटपट निववते.

चाकणच्या वाहन कारखान्यांना हलके भाग हवेत आणि तेही हजारोंच्या संख्येने. तेथे ही रीत शोभते. थोड्या नगांसाठी मात्र जुनाच साचा बरा, कारण नवा साचा व त्याची वीजयंत्रणा महाग पडते. असे साचे परदेशातून आणावयाचे की येथेच घडवावयाचे, हा खरा प्रश्न आहे. पाषाणला १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत साचे घडविण्याचे शिक्षण मिळते. पण प्लॅस्टिक जाणणारा आणि वेटोळे वळविणारा क्वचितच एकत्र बसतात. साच्याची धार व कोपरा इतर भागाआधी तापतो, तेथील प्लॅस्टिक करपते. वेटोळे तेथे किती दूर ठेवावे, हे दंतचक्राचे दाते कठीण करणाऱ्या भोसरीच्या कारागिराला रोजच्या कामातून ठाऊक असते.