भाड्याचे यंत्र की स्वतःचे?

श्रोतेहो, माझी धाकटी बहीण अमेरिकेत असते. इंटरनेटच्या केबल मोडेमसाठी ती कंपनीस दरमहा १५ डॉलर भाडे भरीत असे. तीन वर्षांत ५४० डॉलर गेले, पण यंत्र कंपनीचेच राहिले! अखेर तिने १५० डॉलरांस स्वतःचे मोडेम घेतले. दहा महिन्यांत किंमत वसूल झाली. बिघाड झाल्यास दुरुस्ती मात्र आता तिच्याच शिरी आहे.

स्वतःचे यंत्र वापरणाऱ्याकडून त्याचे भाडे घेण्यास तेथील २०१९ च्या कायद्याने मनाई केली आहे. परंतु हक्क जो बजावील त्याचाच. आपले आप्त तेथे असतील तर त्यांस एवढे अवश्य कळवावे: खरेदीपूर्वी कंपनीची मान्य यंत्रांची यादी पाहावी, जुने यंत्र परत करावे आणि त्याची पावती जपून ठेवावी.